घरी ट्रॅकीचा पेशंट असेल तर सक्शन मशीन कोणतं घ्यावं?

हॉस्पिटलमधून ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी (ट्रॅकी) बसवलेला, पेशंट घरी सोडतात तेव्हा नातेवाइकांच्या हातात सामानाची यादी पडते. फाउलर बेड (डोक्या-पायाकडून उचलता येणारा), एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, पल्स ऑक्सिमीटर, सक्शन मशीन. बेड क्रँकचा की मोटारचा यावर घरात दोन दिवस खल होतो आणि सक्शन मशीन मात्र दुकानदार देईल ते उचललं जातं. पेशंटचा श्वास त्या यादीतल्या ज्या वस्तूवर सर्वांत थेट टांगलेला असतो, ती हीच. बेड बिघडला तर उशांचा टेकू लावून रात्र निघते. नळीत कफ अडकला आणि मशीन ओढेना, तर हातात मोजकी मिनिटं उरतात.

घरी जाऊन नर्सिंग करणाऱ्यांना या मशीनकडून काय हवं असतं, त्या हिशेबाने ही पारख केली आहे. ब्रँडची नावं दिलेली नाहीत, कारण एकाच साच्याची मशीनं वेगवेगळ्या स्टिकरखाली विकली जातात आणि आज दुकानात असलेलं मॉडेल सहा महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. प्रकार ओळखता आला आणि काय तपासायचं ते कळलं, की कुठल्याही दुकानात निभावतं.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते म्हणजे कमाल ओढ: ६०० मिमी पारा, ६८० मिमी पारा. दुकानदारही त्याच आकड्यावर माल विकतो. मोठ्या माणसाच्या ट्रॅकीतून कफ काढायला लागतात १०० ते १५० मिमी. बहुतेक पेशंटना १२० पुरतात. लहान मुलांना साधारण ८० ते १००, आणि तेही त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. म्हणजे ६००च्या मशीनची पाऊण ताकद या पेशंटसाठी कधीच वापरायची नसते. वापरली तर श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर कॅथेटरच्या, म्हणजे कफ ओढायला ट्रॅकीत घालायच्या बारीक नळीच्या, भोकात ओढलं जातं, सोलवटतं आणि कफात रक्ताचे धागे दिसू लागतात. कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढली जाते आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा पटकन घसरतो. ‘कफ घट्ट आहे, जरा जोर वाढवा’ हे घरोघरी ऐकू येतं. घट्ट कफावरचा उपाय म्हणजे ओलावा. ट्रॅकीच्या तोंडावरचा, श्वासातला ओलावा धरून ठेवणारा एचएमई फिल्टर रोज बदलणं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं नेब्युलायझेशन वेळेवर देणं, पोटातल्या नळीतून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब पाळणं. नॉब पिळून घट्ट कफ पातळ होत नाही.

तेव्हा पहिली परीक्षा काट्याची. मशीनवरच्या गोल मीटरवर ० ते १५० हा पट्टा नीट वाचता येतो का? स्वस्त मशीनवर बऱ्याचदा मीटर मेगापास्कलमध्ये असतो, ०.०२, ०.०४ अशा खुणांचा. १५० मिमी पारा म्हणजे ०.०२ मेगापास्कल. म्हणजे आपल्याला लागणारा सगळा टप्पा शून्य आणि पहिल्या मोठ्या खुणेच्या मधल्या चिंचोळ्या फटीत बसतो. रात्री तीनला झिरोच्या दिव्यात ०.०१६ कुठे आहे ते कुणालाही दिसणार नाही. मीटर किलोपास्कलमध्ये असेल तर १३ ते २० ही आपली हद्द. दोन्ही एककं छापलेला, मोठ्या तबकडीचा मीटर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तर १०० आणि १५०च्या जागी काचेवर हिरव्या टेपच्या दोन बारीक पट्ट्या चिकटवाव्यात. काटा त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, एवढं घरातल्या कुणालाही समजतं.

दाब कमी-जास्त करायचा नॉब नसलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. यावर आमचं दुमत नाही.

दाब लावायची रीतही बऱ्याच घरांत चुकते. नळीचं टोक मोकळं ठेवून नॉब फिरवत काटा १२०वर आणतात. मोकळ्या टोकातून हवा आत येत असते, म्हणून काटा खाली दिसतो. कॅथेटर कफात किंवा अस्तरावर बसून बंद झाला, की तोच काटा ३००च्या पुढे उसळतो. बरोबर रीत अशी: मशीन चालू करायचं, नळीचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच नॉब फिरवून १२०वर आणायचं. ही अंगठ्याची परीक्षा पुढे सगळीकडे लागणार आहे. चांगल्या मशीनला टोक दाबल्यापासून १२० गाठायला दोन-तीन सेकंद पुरतात. दहा सेकंद लागत असतील, तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा पंप थकला आहे.

आता प्रकार.

विजेवर चालणारं, एका बरणीचं (ओढलेला कफ जमतो ती) टेबलावरचं मशीन. सर्वाधिक घरांत हेच असतं आणि रोजच्या कामाला हेच योग्य आहे. आत पिस्टन किंवा पडद्याचा पंप, बिनतेलाचा. जुन्या पद्धतीचे तेल लागणारे पंप अजून कुठे कुठे भाड्याने मिळतात, ते घरात नकोत. तेलाची पातळी बघत बसायला तिथे कुणी नसतं. वजन साधारण चार-पाच किलो, बरणी १ लिटरची, हवेचा प्रवाह मिनिटाला २० लिटरच्या आसपास किंवा थोडा जास्त. ट्रॅकीच्या पेशंटला एवढा प्रवाह पुरतो. घेताना मागच्या प्लेटवर ‘ड्युटी सायकल’ वाचा. काही छोटी मशीनं ३० मिनिटं चालवून पुढे तेवढाच वेळ थंड ठेवायची असतात. एका वेळचं सक्शन दोन-तीन मिनिटांत उरकतं, त्यामुळे एरवी अडत नाही. पण कुणीतरी मशीन बंद करायला विसरलं तर आतला थर्मल कटआउट (तापल्यावर मोटर आपोआप बंद करणारा) पडतो आणि पुढचा अर्धा तास मशीन मिटल्यासारखं पडून राहतं. ऐन गरजेला मशीन ‘जळालं’ असं वाटतं, ते बऱ्याचदा हेच. दुसरं कारण प्लगच्या खोबणीतला काचेचा फ्यूज. तो किती अँपिअरचा ते प्लेटवर लिहिलेलं असतं. तसे दोन फ्यूज मशीनच्याच पट्टीला टेपने चिकटवून ठेवा.

याचा खरा दोष आवाज. एका खोलीच्या घरात रात्री चार वेळा हे चालू झालं की सगळं घर जागं होतं, आणि मग आवाजाला कंटाळून सक्शन लांबवलं जातं. लाकडी स्टुलावर ठेवलं तर स्टूलच ढोलासारखं वाजतं. खाली दुमडलेली योगा मॅट किंवा जाड रबर घातलं तर बराच फरक पडतो. मशीन गादीवर कधीही ठेवू नये: खालची हवेची भोकं बुजतात, मोटर तापते, आणि बरणी कलंडली तर आतलं पाणी थेट पंपाकडे जातं.

बॅटरीचं मशीन. किंमत साध्यापेक्षा दुपटी-तिपटीने जास्त, म्हणून बरेच जण टाळतात. दिवसभर व्हेंटिलेटर किंवा बायपॅपवर (दाबाने श्वास देणाऱ्या मशीनवर) असलेला पेशंट, स्नायू दुबळे करणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराचा पेशंट, ज्याला स्वतःहून खोकून कफ वर आणता येत नाही असा कुणीही, यांच्या घरी आम्ही ते आवश्यक मानतो. चार्ज पूर्ण असताना ३० ते ४५ मिनिटं चालतं. एका वेळी मशीन तीन मिनिटं चालू राहिलं, तर ३० मिनिटांत दहा वेळचं सक्शन. शांत दिवशी एवढ्यात पूर्ण दिवस निघेल. छातीत इन्फेक्शन झालं की तासाला एकदा सक्शन लागतं, आणि मग तीच बॅटरी दहा तासांची. हा हिशेब करून मगच ‘इन्व्हर्टर आहेच की’ म्हणावं.

बॅटरी लेड-अ‍ॅसिडची की लिथियमची, हे विचारून घ्या. लेड-अ‍ॅसिडची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतून मरते. कपाटात सहा महिने जपून ठेवलेलं मशीन ऐन वेळी दोन मिनिटांत बसतं ते यामुळे. ती कायम चार्जिंगला लावून ठेवावी आणि महिन्यातून एकदा प्लग काढून सलग २० मिनिटं चालवून बघावी. तारीख मशीनवरच लिहावी. डॉक्टरकडे नेताना गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी वायर सोबत येते का, तेही बघा. काही मॉडेलना ती वेगळी विकत घ्यावी लागते आणि पिन भलतीच निघते.

हातात मावणारी अगदी छोटी बॅटरी मशीनंही मिळतात. प्रवासाला ठीक. त्यांची बरणी २०० ते ३०० मिलीची, थोडंसं कलंडलं की आतला तरंगता गोळा (फ्लोट) वर जाऊन ओढ बंद. घरातलं एकमेव मशीन म्हणून ते घेऊ नये.

दोन बरण्यांचं चाकांचं मशीन. हॉस्पिटलातलं पाहून काही जण हट्टाने हेच आणतात. दोन-दोन लिटरच्या बरण्या, पायाचं बटण, भरपूर प्रवाह. ऑपरेशन थिएटरला हे लागतं. घरी पेशंटचा दिवसभराचा कफ आणि नळी धुतलेलं पाणी मिळून एक लिटरची बरणीसुद्धा सहसा भरत नाही. मोठ्या बरणीतली हवा ओढायला वेळ जास्त लागतो, धुवायला दोन बरण्या आणि दोन झाकणं, आणि जितकी झाकणं तितक्या हवा शिरायच्या जागा. पायाचं बटण तेवढं खरंच कामाचं: दोन्ही हात ग्लोव्हमध्ये असताना बटणाला हात लावावा लागत नाही. टेबलावरच्या काही मशीनलाही ते जोडता येतं. असेल तर जरूर घ्या.

पायाने किंवा हाताने चालवायचा पंप. वीज नाही, बॅटरी नाही, मोटर नाही. बहुतेकांना काटाही नसतो, त्यामुळे ओढ किती बसते आहे ते कळत नाही. चालवायला एक माणूस आणि कॅथेटर धरायला दुसरा. रोजच्या वापराला हा अगदी गैरसोयीचा, तरीही प्रत्येक ट्रॅकीच्या घरात तो असावा असं आमचं ठाम मत आहे. वापरताना पाय हलका ठेवायचा आणि कॅथेटरच्या जोडाजवळचं भोक अंगठ्याने उघडमीट करत राहायचं, म्हणजे ओढ साचत नाही. तो माळ्यावर ठेवून उपयोग नाही. बेडच्या उशाकडे खुंटीला, पिशवीत, नळी जोडलेल्या स्थितीत.

म्हणजे आमची निवड: रोजच्यासाठी एका बरणीचं साधं मशीन, सोबत पायाचा पंप, आणि पेशंट स्वतः खोकू शकत नसेल किंवा लाईट वरचेवर जात असेल, तर साध्याऐवजी वीज आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं. पैसे एकाच मशीनपुरते असतील तर वीज आणि बॅटरी दोन्हींवर चालणारंच घ्या आणि बेडवर वाचवा.

मशीन चालतं की फसतं ते मात्र मोटरपेक्षा बरणीच्या झाकणावर ठरतं. झाकणाला दोन तोंडं असतात. एकाला पेशंटकडची नळी, दुसऱ्याला फिल्टरमधून पंपाकडे जाणारी. पंपाकडच्या तोंडाखाली आतल्या बाजूला तरंगणारा गोळा असतो, तोच फ्लोट. बरणी भरली की तो वर उचलला जाऊन तोंड बंद करतो आणि पाणी पंपात जायचं थांबतं. नळ्या उलट्या लावल्या तर कफ बरणीत न पडता सरळ फिल्टरकडे जातो. धुऊन परत जोडताना हे सर्रास होतं. काही झाकणांवर ‘पेशंट’ आणि ‘व्हॅक्यूम’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं, पण उठाव इतका पुसट की वाचताच येत नाही. पहिल्याच दिवशी नेलपॉलिशने पेशंटचं तोंड लाल रंगवा आणि त्याच नळीच्या टोकालाही लाल ठिपका द्या.

फिल्टर पांढरा, चकतीसारखा, पाण्याला अडवणारा. ओला झाला की तो हवासुद्धा सोडत नाही. त्याला धुवायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही. फेकून नवीन लावायचा. त्यालाही दिशा असते, बाण बघून लावा. मशीन घेतानाच किमान तीन फिल्टर, झाकणाची एक जादा रबरी रिंग आणि शक्य असेल तर एक जादा झाकण घ्या. जे दुकान हे सुटे भाग दाखवू शकत नाही, तिथून मशीन घेऊ नका. दोन वर्षांनी मोटर ठणठणीत आणि वीस रुपयांच्या रिंगसाठी मशीन अडगळीत, असं होतं.

बरणी पॉलिकार्बोनेटची, मिलीच्या खुणा असलेली हवी. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. वाट बघायची नाही, कारण फेस आला की तो फ्लोटच्याही आधी वर पोचतो.

पेशंटकडची नळी सिलिकॉनची, जाड भिंतीची असावी. मऊ, पातळ नळी ओढ बसली की चपटी होते. दुकानात बोटांच्या चिमटीत दाबून बघा, सोडल्यावर लगेच गोल व्हायला हवी. लांबी दीड-दोन मीटर. जास्त लांब घेऊ नका. वळणात कफ साचतो.

सक्शन ओढत नाही अशी तक्रार आली की आधी दोन वेळा काटा बघायचा: एकदा टोक मोकळं ठेवून, एकदा अंगठ्याने दाबून. निरोगी मशीनचा काटा मोकळ्या टोकाला जवळजवळ शून्यावर येतो आणि दाबल्यावर वर चढतो.

दाबूनही काटा हलत नाही, तर हवा शिरते आहे. झाकणाची रिंग दुमडली आहे, बरणीला बारीक तडा आहे, नळी सैल आहे किंवा काही झाकणांवर असणारं तिसरं, टोपीचं भोक उघडं राहिलं आहे. सगळं बघून झालं तर मशीनच्या अंगावरच्या, फिल्टरच्याही आधीच्या तोंडावर थेट अंगठा ठेवा. तिथेही काटा हलला नाही तर दोष पंपात, आणि ते काम मेकॅनिकचं.

टोक मोकळं असताना काटा वर अडकला आहे आणि तरी कफ येत नाही, ही उलटी परिस्थिती जास्त फसवी. मीटर पंपाच्या बाजूला असतो. मध्ये कुठेही बूच बसलं, की पंप स्वतःपुरती भरपूर ओढ दाखवतो आणि पेशंटच्या टोकाला काहीच पोचत नाही. ‘काटा तर दीडशेवर आहे’ म्हणून मशीन चांगलं समजू नका. पेशंटच्या टोकाकडून एकेक जोड सोडवत जा. कॅथेटर काढला आणि काटा पडला, तर कॅथेटर तुंबला. नळी काढली आणि पडला, तर नळी. झाकणाचं लाल तोंड मोकळं असूनही काटा वरच असेल, तर फ्लोट चिकटून बसला आहे किंवा फिल्टर ओला आहे. फ्लोट वाळलेल्या कफाने चिकटतो. झाकण उघडून बोटाने खाली पाडला की सुटतो.

आणि मशीन दोन्ही परीक्षांत पास झालं, पण कॅथेटरच ट्रॅकीत शिरत नसेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, ऑक्सिजन उतरत असेल, तर मशीनशी खेळत बसायचं नाही. ट्रॅकीच्या नळीतच कफाचं बूच बसलं आहे. आतली नळी असलेली ट्रॅकी असेल तर ती लगेच काढून धुतलेली दुसरी घालायची. तेवढ्याने मोकळं झालं नाही किंवा आतली नळीच नसेल, तर डॉक्टरांनी घालून दिलेली आणीबाणीची रीत, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि १०८. त्याच मापाची आणि एक माप लहान अशी जादा ट्रॅकी बेडजवळ हवीच.

कॅथेटरचा खर्च मशीनच्या किमतीत कुणी धरत नाही. दर सक्शनला नवा कॅथेटर, दिवसाला आठ वेळा, म्हणजे महिन्याला २४०. वर्षभराचा हिशेब केला तर हाच आकडा मशीनला मागे टाकू शकतो, म्हणून सुटे न घेता शंभरच्या खोक्याने घ्या. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आणि मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकल दुकानांत घाऊक भाव विचारावा. माप ठरवायचं ते ट्रॅकीच्या आतल्या व्यासावरून: कॅथेटर त्याच्या निम्म्यापेक्षा जाड नको. कॅथेटरची जाडी ‘फ्रेंच’ या मापात लिहितात. फ्रेंचचा आकडा भागिले ३ म्हणजे मिलिमीटर. ८ नंबरच्या (आतून ८ मिमी) ट्रॅकीला १२ फ्रेंच, म्हणजे ४ मिमी. ७ किंवा ७.५ला १० फ्रेंच. जोडाच्या रंगावरून ओळख पटते: ८ निळा, १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा. ‘थंब कंट्रोल’चा, म्हणजे जोडाजवळ भोक असलेलाच घ्या. साध्या कॅथेटरला ओढ बंद ठेवून आत घालायचं तर नळी चिमटीत दुमडावी लागते आणि नवख्या हाताला ते जमत नाही.

वापर थोडक्यात असा. हात धुवा, ग्लोव्ह घाला, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी ऑक्सिजन वाढवा. भोक मोकळं ठेवून ठरलेल्या खोलीपर्यंत कॅथेटर आत. ही खोली जादा ट्रॅकीत कॅथेटर घालून मोजतात: टोक जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर बाहेर डोकावेल इतकी, आणि तो आकडा भिंतीवर लिहिलेला हवा. मग भोक बंद करून, कॅथेटर बोटांत हलकेच फिरवत बाहेर. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १० सेकंद, फार तर १५. ऑक्सिजनचा आकडा पूर्ववत होईपर्यंत थांबा, मगच दुसरी फेरी. तोंडासाठी कॅथेटर किंवा यांकॉर (तोंड साफ करायची कडक नळी) वेगळा. तोंडात गेलेला कॅथेटर ट्रॅकीत परत जाता कामा नये, कितीही धुतला तरी. सलाइनचे थेंब टाकून सक्शन करायची सवय अजून खूप जणांना आहे. दर वेळी तसं करू नये, फायदा दिसत नाही आणि ऑक्सिजन मात्र उतरतो. घड्याळ लावून दर दोन तासांनी सक्शनही नको. खरखर ऐकू आली, कफ दिसला, श्वास वाढला किंवा आकडा उतरला, की करायचं.

प्रत्येक सक्शननंतर उकळून गार केलेलं पाणी वाटीतून ओढून नळी धुवायची. वाटी रोज बदलायची, आणि ट्रॅकीची व तोंडाची वाटी वेगळी. बरणी दिवसातून एकदा: ग्लोव्ह घालून आतलं संडासात ओता, साबणाच्या पाण्याने ब्रश लावून धुवा, मग १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) ३० मिनिटं बुडवा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. नंतर साध्या पाण्याने खळखळून धुऊन उलटी वाळत ठेवा. हे द्रावण अ‍ॅसिडच्या टॉयलेट क्लीनरजवळ जाऊ देऊ नका, विषारी क्लोरीन निघतो. बरणीचं झाकण आणि फ्लोटही बुडवा. मशीन आणि मीटरला ओलं फडकंच पुरे. उकळत्या पाण्याने काही झाकणं वाकडी होतात आणि मग रिंग बसत नाही, तेव्हा माहितीपुस्तिकेत लिहिलं असेल तरच उकळा.

विजेचं. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्तीची कामं निघतात, वळवाच्या पावसात कुठेही फांदी पडते. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर मोटर घुरघुरते आणि तापते. मशीनचे वॅट आणि त्याच इन्व्हर्टरवरच्या कॉन्सन्ट्रेटरचे वॅट मिळवून बघा. कॉन्सन्ट्रेटर एकटाच तीन-साडेतीनशे वॅट खातो आणि पंखे-दिव्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर दोन्ही मिळून लवकर उतरवतात. मशीनचा प्लग लावलेल्या भिंतीवरच्या स्विचवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा. एक्स्टेंशन बोर्डावर मोबाइलचे चार्जर नकोत.

भाड्याने घ्यायचं असेल, आणि पेशंटची ट्रॅकी दोन-तीन महिन्यांत निघणार असेल तर तेच शहाणपणाचं, तर बरणी, झाकण, नळी आणि फिल्टर नवेच हवेत. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून नाममात्र भाड्यात मशीन मिळतं. तिथेही हे चार भाग स्वतःचे आणून लावा. मशीन चालू करून हवा बाहेर पडते तिथे नाक नेऊन बघा. कुबट वास आला तर आधी कधीतरी बरणी ओसंडून पाणी पंपात गेलेलं आहे. ते परत करा.

रात्री मशीन कोण चालवणार, यावरही निवड ठरते. नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हणतात, पण सगळ्याच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेल्या जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचा मान्यताप्राप्त कोर्स केलेल्या) नसतात. काही सहा महिन्यांचा अटेंडंटचा कोर्स केलेल्या असतात. ट्रॅकीच्या पेशंटसाठी नोंदणीचं पत्र मागावं, यात कुणाचा अपमान नाही. आणि मावशी किंवा मुलगा रात्र काढणार असेल, तर कमी बटणांचं, मोठ्या मीटरचं मशीन घ्या आणि डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली, घरी नेणार त्याच मशीनवर, मावशी किंवा मुलाकडूनच किमान चार-पाच वेळा सक्शन करून घ्या.

ड्युटी बदलताना तोंडी ‘सगळं ठीक आहे’ पुरत नाही. अंगठ्याने दाबून काटा किती, बरणी किती भरली, फिल्टर पांढरा आहे का, बॅटरीचा दिवा हिरवा आहे का, पायाचा पंप खुंटीला आहे का, हे पाच मुद्दे येणारीने स्वतः बघून वहीत सही करायची. त्याच वहीत प्रत्येक सक्शनची वेळ, कफाचा रंग आणि घट्टपणा. पांढरा पातळ कफ दोन दिवसांत पिवळा-हिरवा आणि दुप्पट झाला, तर डॉक्टरांना फोन त्या वहीवरूनच करायचा असतो.

दुकानात जाताना पाण्याचा एक पेला आणि चमचाभर मध मागा. मधात थोडंसं पाणी घालून दाट कालवा, १२ नंबरचा कॅथेटर लावा, अंगठ्याने दाबून १२०वर लावा आणि ओढून बघा. चढतं का, किती वेळात, काटा थरथरतो का, आवाज किती. ‘ओढतं हो, घ्या तुम्ही’ असं म्हणून हे करू न देणाऱ्या दुकानातून निघा. मशीनच्या लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक आहे का बघा. बिलावर मशीनचा सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी लिहून घ्या. मोटरच्या वॉरंटीत बॅटरी बहुधा धरलेली नसते.